फ्रिजमधली इंजेक्शनं

आई, तुझ्या पायांबद्दल लिहायचं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला आत्ता कुठे कळलं, की मी तुला इंजेक्शन द्यायचे ती पद्धतच चुकीची होती.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाही तीच बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं लिहून दिली. तळपायाला मुंग्या, तुझ्यासारख्याच. म्हटलं, दवाखान्यात खेपा कशाला, आपल्याला येतं की! फ्रिजमधून काढलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, ओट्याला टेकून उभ्या उभ्याच मांडीत खुपसलं आणि किंचाळले. इथली, एव्हरशाईन सोसायटीतली आमची शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय झालं म्हणून. मांडी दिवसभर ठणकत होती. तुला मी अगदी असंच द्यायचे.

मग डॉक्टरांना विचारलं. त्यात काही मोठं शास्त्र नव्हतं गं. हे औषध फ्रिजमध्ये ठेवायची गरजच नव्हती, उजेडापासून लांब ठेवलं की पुरे. गार असेल तर थोडा वेळ मुठीत धरायचं. स्पिरिट वाळू द्यायचं. बसून पाय सैल सोडायचा. सुई झटकन, औषध मात्र सावकाश. तसं केलं, आणि जेमतेम कळलं. मी तिथेच बसून रडले.

आपल्या घरात जे टिकवायचं ते फ्रिजमध्ये. तो घेतलाच होता आपल्या वाडीतल्या मोगऱ्यासाठी. बाजारात न खपलेल्या कळ्या तू ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचीस, त्यांच्याच मागे मी तुझी इंजेक्शनं खोचली होती. सकाळी मला कामावर पळायचं असायचं. तू ओट्याशी उभी, तव्यावर भाकरी. मी म्हणते, "आई, लुगडं वर घे." तू गॅस बारीक करतेस. मोगऱ्याचा वास लागलेल्या त्या गारढोण बाटलीचं काचेचं टोक मी फोडते, औषध सुईत भरते. तू ओट्याची कड घट्ट धरतेस. मी विचारते, "दुखलं?" आणि तू म्हणतेस, "नाय गो. जा तू, तुजी बस जाईल." वर गावभर सांगत फिरायचीस, "माज्या पोरीचा हात हलका हाय."

पुढे पुढे तू टाळायला लागलीस. आज उपास आहे, उद्या पाहुणे आहेत. मी डाफरले, "लहान मुलीसारखं काय करतेस? औषध आहे ते!" मग तू म्हणालीस, पायाला आता बरं वाटतंय. मला तेवढंच हवं होतं. उरलेली इंजेक्शनं कळ्यांच्या मागे तशीच राहिली. शेवटी शेवटी तुझ्या पायातली चप्पल निसटायची आणि तुला कळायचं नाही. तुझं वाडीत जाणं बंद झालं. कळ्या तोडायला बाहेरच्या बायका यायच्या आणि तू पडवीत बसून त्यांच्यावर ओरडायचीस. मला तुझाही राग येतो, आई. त्यांच्यावर एवढी ओरडायचीस, तर माझ्यावर एकदा तरी खेकसायचं होतंस. "दुखतंय" म्हणायला काय झालं होतं?

परवा गावाहून आपली शेजारची काकी रिक्षा करून आली. तिलाही हीच इंजेक्शनं सांगितली आहेत. म्हणाली, "दवाखान्यात लय दुखतं गो. तुजी आयस सांगत व्हती, तुजा हात हलका हाय." मला नाही म्हणवेना. तिला पलंगावर बसवलं, बाटली मुठीत धरली आणि मोगऱ्याचा भाव काय चाललाय ते विचारत राहिले. स्पिरिट वाळलं, तिचा पाय सैल पडला, तेव्हा दिलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "कदी देशील गो?"

"दिलं, काकी."

तिने मांडीवरून हात फिरवून पाहिला. "कललाच नाय. तुजी आयस खरीच बोलत व्हती."

ती खरं बोलत नव्हती, असं तोंडाशी आलं होतं. पण मी नुसती हसले आणि चहा टाकायला उठले. तू माझ्यासाठी जपून ठेवलेलं हलक्या हाताचं नाव मी बिनबोभाट घेऊन टाकलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. ओट्याची कड धरलेली तुझी बोटं पांढरी पडायची, ती मला तेव्हाही दिसायची, आई. मी घड्याळाकडे बघायचे.