चाकामागचा दगड

२ मे, सोमवार

तपासणीत गाडी नापास. कारण: हँडब्रेक. मागच्या चाकांच्या ड्रममधले ब्रेक शू झिजून पापड झालेत, असं तपासनीस म्हणाला. वर हसला. म्हणाला, ओडवार, तू तर फेरीवरचा ना?

बावीस वर्षं मी फेरीबोटीच्या डेकवर गाड्या लावून घेतोय आणि प्रत्येक खिडकीत वाकून ओरडतोय: हँडब्रेक ओढा! फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या डोंगरांमधल्या खाडीच्या, दोन्ही काठांवरची पोरंसुद्धा माझी नक्कल करतात. ही बातमी बाहेर फुटता कामा नये.

निश्चय: गॅरेज नाही. काम घरीच, आणि लवकर. चौदा तारखेला पलीकडच्या गावात भाचीच्या मुलीचं कन्फर्मेशन, म्हणजे चर्चमधला दीक्षाविधी, आहे. बायको, गुनवोर, सासूबाईंना घेऊन याच गाडीने येणार, माझ्याच फेरीवर, माझ्याच पाळीत.

४ मे, बुधवार

नवे शू आले. व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस काम करताना गुणगुणतो, म्हणजे सोपं असणार. स्प्रिंग उडते, डोळे सांभाळा, असं तो म्हणाला तेव्हा मी व्हिडिओ बंद केला. घाबरलो म्हणून नव्हे. कॉफीची वेळ झाली होती.

७ मे, शनिवार, सकाळ

वेळ वाचावा म्हणून नौकाघरात दोन्ही चाकं एकदम उघडली. सगळे भाग एकाच डब्यात टाकले, म्हणजे हरवायला नकोत.

दुपार

स्प्रिंग उडाली. कानाजवळून गेली आणि नौकाघराच्या खिडकीतून बाहेर पडली. खिडकी बंद होती. मी बराच वेळ बाकाखाली होतो. स्प्रिंग शोधत होतो, असं गुनवोरला सांगितलं. ती म्हणाली, स्प्रिंग बाहेर पडली, मग तू आत काय शोधतोयस?

संध्याकाळ

झालं! शूंच्या मधोमध एक दातेरी चाकाचा स्क्रू असतो. हँडब्रेक ओढला की तो दातभर फिरतो आणि शू ड्रमच्या जवळ ठेवतो, आपोआप. असे दोन स्क्रू, एका चाकाला एक. दोन्हींवर कसलीशी अक्षरं होती, कंपनीची असतील. दिसायला सारखेच. बसवून टाकले.

आमच्याकडे हिवाळ्यात हँडब्रेक गोठतो, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा. आमचं अंगण थेट धक्क्याकडे उतरतं, त्यामुळे आमचा दगड बाराही महिने तिथेच. आज मी तो उचलला आणि गुनवोरदेखत फ्योर्डमध्ये फेकला. म्हटलं, यापुढे गिअरचीही गरज नाही, नुसता हँडब्रेक पुरे. ती म्हणाली, दगड बिचारा काय खात होता?

८ मे, रविवार

सकाळी हँडब्रेक ओढून पाहिला. दांड्याचे पाच टक् झाले की घट्ट. उत्तम. दिवसभर तपासत होतो. माणसाने काळजी घ्यावी. संध्याकाळी सात टक् लागले. नवं काम आहे, बसतंय.

९ मे, सोमवार

नऊ टक्. पायाखालचा ब्रेकही थोडा खोल जातोय. नियम केला: कामावर जाताना, आल्यावर, जेवणाआधी आणि जेवणानंतर तपासायचं. काही बिघडत असेल तर ते तपासण्यानेच कळणार.

१० मे, मंगळवार

झोप नाही. डोळा लागला की गाडी धक्क्यावरून पाण्यात जाते, आणि मागच्या सीटवर सासूबाई ताठ बसलेल्या. मी घाबरलेलो नाही. पण दुपारी ओहोटीला गुडघाभर पाण्यात दगड शोधत होतो. धक्क्यावरून गुनवोरने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, शिंपले. ती म्हणाली, तुला शिंपल्यांनी पित्त उठतं.

दगड सापडला नाही. एकाच रंगाचे हजार आहेत.

११ मे, बुधवार

फेरीवरचे दोन लाकडी ठोकळे घरी आणले. मालाच्या गाड्यांच्या चाकांना लावतो तेच. गाडीच्या चाकांना आतल्या बाजूने लावले, दिसू नयेत असे. चोरी नव्हे. आपली फेरी, आपलेच ठोकळे.

१३ मे, शुक्रवार

तेरा टक्. दांडा जवळपास उभा राहतो. आज सगळं सांगून टाकायचं, असं पक्कं ठरवून घरी आलो.

गुनवोर सासूबाईंशी फोनवर बोलत होती. ब्रेक ओडवारने स्वतः बसवलेत, आई. रोज चारचारदा तपासतो. डोळे मिटून बस गाडीत. असं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या कौतुकाने तिने दोनदाच पाहिलंय.

बोर्गहिल्ड सासूबाई शहाऐंशीच्या. माझ्या हातच्या कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नाही. मी केलेल्या खुर्चीवर त्या आजतागायत बसलेल्या नाहीत. आणि उद्या माझ्या ब्रेकवर बसणार.

सांगितलं नाही. उद्या सकाळी सांगेन. नाहीतर निदान गाडी गिअरमध्ये ठेव म्हणेन.

१४ मे, शनिवार, रात्र

सकाळी सांगायला वेळ मिळाला नाही. माझी पाळी सहाला होती.

बेत चोख होता. त्यांची गाडी मधोमध घ्यायची, पुढे एक ट्रक, मागे एक ट्रक, आणि चाकांना ठोकळे. मग आठवलं की ठोकळे घरी, अंगणात.

सासूबाईंना कुठेही तासभर आधी पोचायची सवय. रांगेत पहिली गाडी त्यांचीच. तरी मी त्यांना थांबवून ट्रकला हात करत होतो, तर वरून भोंग्यातून कप्तान सिग्वार्टचा आवाज: अरे ओडवार, आजींना पुढे घे की, फ्योर्ड बघू दे त्यांना! त्यांच्यापुढे फक्त साखळी, फाटक आणि चारशे मीटर खोल पाणी.

गुनवोर उतरली. धिरडी घेऊन येते, गरम आहेत, म्हणत भरजरी पोशाख सावरत वरच्या उपाहारगृहात निघूनही गेली. मी काचेतून पाहिलं. गिअर काढलेला. माझं ऐकलं होतं तिने.

वाऱ्याने बोट पुढे झुकली. चाक हललं. बोटभर असेल, पण हललं. मी जाऊन बॉनेटला पाठ लावली, पाय साखळीच्या खांबाला रोवले आणि उभा राहिलो. माझी मान खांद्यांत गेली होती, ती वाऱ्याने असावी. भोंग्यातून सिग्वार्ट म्हणाला, डेकवरच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांच्या गाड्यांना टेकू नये. सगळे हसले. मी हललो नाही. मान वळवून सासूबाईंना हात केला. त्यांनी केला नाही. पुढच्या सीटवर खाली मान घालून, ओठ आवळून बसल्या होत्या. नेहमीचा तिरस्कार.

काठ आला. फाटक मलाच उघडायचं असतं. गाडी सोडावी लागणार होती. देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले, बाजूला झालो.

गाडी जागची हलली नाही!

गुनवोर येईपर्यंत तसूभरही नाही. म्हणजे ब्रेक उत्तम आहेत. आठवडाभर उगाच जीव खाल्ला स्वतःचा. कन्फर्मेशनच्या जेवणात मी ब्रेकवर थोडं बोललो. सगळ्यांनी ऐकून घेतलं.

१५ मे, रविवार

न्याहारीच्या टेबलावर दोन लाकडी ठोकळे. गुनवोर म्हणाली, काल सकाळी चाकांखाली मिळाले, डिकीत टाकले तुला परत द्यायला. म्हणजे काल ते माझ्यापासून दोन पावलांवर होते. मग म्हणाली, रात्री अंगणात दांडा ओढूनही गाडी सरकत होती. तुला माहीत होतं? मी म्हटलं, काय? ती म्हणाली, ओडवार, आई बसली होती त्या गाडीत.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ठोकळे उचलून तिने पायरीवर ठेवले.

१६ मे, सोमवार

गाडी गॅरेजात. दोन्ही स्क्रू उलटसुलट बसलेत. ती अक्षरं डाव्या-उजव्याची होती. त्यामुळे हँडब्रेक ओढला की शू ड्रमजवळ जायच्या ऐवजी दरवेळी दातभर लांब जात होते. किती वेळा ओढलात, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, अधूनमधून.

पण मग परवा बोटीवर गाडी थांबली कशी? हे त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, माझ्या पाठीमुळे. ते म्हणाले, तुम्ही तर बाजूला झाला होतात.

संध्याकाळी गुनवोरने फोन लावून माझ्या हातात दिला. माफी माग म्हणाली. मागितली. मी म्हटलं, सासूबाई, मी घाबरलो होतो. आठवडाभर भयंकर घाबरलो होतो, आणि तरी तुम्हाला बसू दिलं. बावीस वर्षांत असं वाक्य मी कुणाला म्हटलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, माहितेय मला. काचेतून तुमची मान दिसत होती. मी काही शहाणी नाही, पण गाडी सरकली की तो दांडा ओढायचा एवढं मला कळतं. तुम्हीच ओरडत असता ना. तो मेला जागेवर ठरेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले गुनवोर येईपर्यंत. सोडला असता तर तुम्ही पुढे उभे होता, जावईबापू.

फोन घेऊन मी पायरीवर ठोकळ्यांशेजारी जाऊन बसलो.

हात फार दुखतायत, म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या बसने येणार आहेत.