सवतीचं दावं

२ नोव्हेंबर, रविवार

बाई जाणार! अखेर जाणार!

यांनी जेवता जेवता सांगितलं. मान खाली, घास हातातच. "कंपनी लहान विमानं काढून राहिली. मोठी आणून राहिली. आमची बाई विकली." मी "अरेरे" म्हटलं आणि वाटीत भाजी वाढली. मनात मात्र मंडईच्या जत्रेतले ढोल वाजत होते.

बाई म्हणजे नागपूरच्या विमानतळावरचं जुनं जेट. पन्नास सीटचं, बारीक, लांबुळकं. माझा नवरा घनश्याम इतकी वर्षं तिचा मेकॅनिक. मी इथे साकोलीत पिको-फॉल करते, सासूबाईंचं बघते. हे आठवडी सुट्टीला एसटीने येतात आणि माझ्या हातचं जेवत तिच्या गोष्टी सांगतात. बाई आज खोकलत होती. बाईले ऊन सहन होत नाही. मला काय सहन होत नाही, हे कधी विचारलं का?

५ नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर दया यायला नको.

ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला होता. दवाखान्यात सलाईन लावून पडले होते. यांचा फोन — "कामिनी, बाईचं इंजिन उतरवून हाय. सोडून येता नाही येत." तिसऱ्या दिवशी आले. हाताला तेलाचा वास. त्याच हाताने माझं कपाळ चाचपलं आणि म्हणाले, ताप उतरला की! तिचा की माझा, देव जाणे.

एकदा मला नागपूरला नेलं होतं. जाळीपलीकडून दाखवली. हे तिच्या पोटाला तळहात लावून उभे राहिले, डोळे मिटून. माझ्या पोटात होती तेव्हा प्रतिक्षाला कधी असा हात लावला नव्हता. आता पोरगी पुण्यात शिकते आणि मी अजून जळतेच आहे. एका यंत्रावर! कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर लोक हसतील.

९ नोव्हेंबर, रविवार

आज सगळं कळलं.

नव्या विमानाच्या ट्रेनिंगला तरणी पोरं पाठवली. प्रितम गेला, ज्याला यांनी स्वतः शिकवलं. यांना नाही. यांचं लायसन फक्त लहान जेटचं. आता गोदामात बसवणार. सामान द्या, सामान घ्या. ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

मग हळूच पुढचं निघालं. बाई केनियात चालली. घेणारे म्हणतात, तिला ओळखणारा माणूस सोबत द्या, दोन वर्षांसाठी.

"मंग?"

"नाही म्हणलो. आई म्हातारी. तू एकटी."

"अन् मनातून?"

हे आंगणात बघत राहिले. हो म्हणाले असते तर भांडले असते. नाही म्हणाले असते तर लाडू केले असते. गप्प बसले. त्या गप्प बसण्यानं अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज तिची वस्तू घरात आली!

एक लाल पट्टी. विमान उभं असलं की झाकणांना लटकवतात. तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय — उडण्याआधी काढा. यांनी पिशवीतून काढून आईंच्या हातात दिली. सासूबाई खूश. परवाच विचारत होत्या, बाई विकली त दावं ठेवलं का नाही? आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दोर सोडून घेतात आणि घरी ठेवतात.

"दावं घरी राह्यलं का आपला जीव घरी राह्यते," आई म्हणाल्या. "दावं देलं का जीवही जनावरामागं जाते."

हे हसले. "म्हणूनच आणलं. आता सुटली बाई."

पट्टी खुंटीला लागली. आमच्या विकलेल्या पांढऱ्या बैलाच्या दाव्याशेजारी. माझ्या स्वयंपाकघरात. माझ्या डोळ्यांसमोर!

१७ नोव्हेंबर

पहाटे निघताना यांनी पट्टीला हात लावला. मला "येतो" म्हणाले, ते दारातून.

नंतर पट्टी हातात घेऊन बघितली. कापड जाड, कडांना दुहेरी टीप, एक धागा बाहेर नाही. माझ्या दुकानात आली असती तर नाव ठेवायला जागा नव्हती. त्याचाही राग आला.

१९ नोव्हेंबर

ब्लाउजला बाही उलटी लावली. त्या पट्टीपायी!

२३ नोव्हेंबर, रविवार

परवा बाई जाणार. हे शेवटचं बघायला उद्या पहाटे निघतील.

आज दिवसभर खुंटीखालीच घोटाळत होते. चहा पिताना नजर पट्टीवर, विडी शोधताना नजर पट्टीवर. आईंनी विचारलं, "काहून रे, बाईबिगर गमत नाही का?" म्हणाले, "गमते ना." आवाज असा, की मलाच कसंतरी झालं. आणि तरीही जळले! मी मेले तर माझं लुगडं असं खुंटीला लावून बघेल का हा माणूस?

मी पट्टी काढली. घडी केली. यांच्या बॅगेत डब्याखाली ठेवून दिली. बाई चालली ना, मग तिचं सगळं जाऊ दे. सवतीची वस्तू कुणी घरात टांगत नाही. तिकडे सापडली की तिलाच बांधून टाकतील. विचारलं तर म्हणेन, चुकून गेली.

आईंना काही सांगितलं नाही. खुंटीवर माझी पिशवी अडकवली.

२४ नोव्हेंबर

हे गेले. त्याआधी मी गरम भात वाढला, तूप घालून. खुंटीकडे बघितलंच नाही यांनी. लक्ष जाऊ नये म्हणून मीच दारात उभी राहून बोलत राहिले ना!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी यांचा फोन.

"कामिनी, डब्याखाली पट्टी भेटली. मी समजलो. मले तुले विचाराची हिंमत नोयती. तूनंच दावं सोडून देलंस. मी केनियावाल्यांना हो म्हणून देलो. कागदं झाले का बाईमागं जाऊन राहिलो." मग विचारलं, "तूच ठेवली ना?"

लग्नानंतर इतका आनंदी आवाज मी यांचा ऐकला नव्हता.

म्हटलं, हो. मुद्दामच ठेवली.