चार्जिंग नाही

५ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१०
गाडी आली. पांढरी, इलेक्ट्रिक. आमच्या गल्लीत पहिलीच. पाच दिवस उशिरा आली आणि पूजेचा नारळही मलाच न्यायला लावला. असो.

ही वही तुलनेसाठी. एकीकडे माझी गाडी, दुसरीकडे चुलतभाऊ अर्जुनरावची अकरा वर्षं जुनी डिझेल. तेहतीस वर्षं वीज खात्यात बिलिंगला काढली. विजेबद्दल मला कोणी शिकवू नये.

गाडी घेण्याचं खरं कारण कोणाला सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवतो. काजलच्या लग्नात व्याह्यांची गाडी ऐनवेळी बंद पडली. पोरगी सासरी मोताळ्याला गेली ती अर्जुनच्या गाडीतून. तिच्या बाजूचं दार अर्जुनने लावलं. मी बाप, फाटकापाशी उभा राहून हात हलवत होतो. अडीच वर्षं झाली, ते दार काही डोक्यातून जात नाही.

आता तिला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. २ मार्चला तिला आणायचं. माझ्या गाडीतून. दार मी उघडणार.

७ जानेवारी
आवाज: माझी शून्य. अर्जुनची स्टँडवर असली तरी घरात कळतं. पिकअप: माझी. ए.सी.: माझी. त्याच्या गाडीची काच खाली घेतली की वर घ्यायला दोन माणसं लागतात. वास: त्याच्या गाडीला कांद्याचा, माझ्या गाडीला नवा. स्कोअर ५–०. तुलना करायची गरजच नव्हती खरं तर.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. अर्जुनची चावी ओसरीत खिळ्याला टांगलेली असते. कोणाला दवाखान्यात जायचंय, कोणाला पोरगी पाहायला जायचंय, कोणाला फवारणीचं औषध आणायचंय, उचल चावी आणि जा. गाडी नव्हे, गावजेवणातला झारा, ज्याला लागेल त्याने उचलावा. माझी गाडी काजल येईपर्यंत कोणालाही मिळणार नाही. सीटचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही. पहिली तीच बसेल.

२० जानेवारी. संध्याकाळी
शेजारचा कडूबा आला. भाजीपाल्याचा मळा आहे त्याचा, माणूस गरीब स्वभावाचा. बायकोला, मंजुळाबाईला, उद्या हिवरा आश्रमाच्या उत्सवाला न्यायचं होतं. तिचे गुडघे धरलेत, एसटीत चढवत नाही. मी तोंड उघडलं आणि आपोआप शब्द आले, चार्जिंग नाही.

काय शब्द आहेत! कडूबा मान हलवून गेला, राग नाही, रुसवा नाही. डिझेल गाडीला ही सोय नाही. डिझेल नाही म्हटलं तर लोक स्वतः डिझेल टाकून नेतात. या मुद्द्याला दोन गुण. ७–०.

(चार्जिंग ९६ टक्के होतं. पण कडूबाचा तो विषय नाही.)

२७ जानेवारी
आठ दिवसांत पाच जणांना नाही म्हटलं. त्यात आशाचा भाऊ होता, म्हणून आशालाही तेच सांगावं लागलं. बायकोशी खोटं बोलायचा स्वभाव नाही माझा, पण एकाला एक आणि दुसऱ्याला एक सांगितलं की गोंधळ होतो.

दाखवायला म्हणून वायर सकाळपासून लावून ठेवतो, बटण बंद. आज कडूबा म्हणाला, त्याच्या मळ्यात थ्री फेज आहे, गाडी तिथं आणून लावा. लोक मदत करायला लागले की फार वैताग येतो. बॅटरीला विश्रांती लागते असं सांगून वाटेला लावला.

३ फेब्रुवारी
गावभर झालंय की उत्तमरावची गाडी आजारी आहे. सलून, किराणा, बँक, जाईन तिथं गाडीची तब्येत विचारतात. मला गेल्या वर्षी टायफॉइड झाला तेव्हा एवढे विचारायला आले नव्हते.

दुपारी मंजुळाबाई गुडघे धरत धरत आली आणि बॉनेटवरून मीठ-मिरच्या उतरवून गेली. गाडीला नजर लागली म्हणे. मी हात जोडून उभा राहिलो, दुसरं काय करणार? बाई चांगली आहे. तिला आश्रमाला अर्जुनने नेलं होतं, हे आज कळलं. दुपारची झोप लागली नाही.

११ फेब्रुवारी
काजलचा फोन. तिच्या नणंदेचा, डिंपलचा, चिखलीला साखरपुडा आहे. विहीणबाई सरस्वतीबाईंनी विचारायला सांगितलं, दोन दिवस गाडी मिळेल का.

मिळेल का! एकदा व्याह्यांनी नेली की ती सीट, ते प्लास्टिक, सगळं गेलं. सांगितलं, चार्जिंग टिकत नाही बाई, राजूर घाट तर चढतच नाही.  काजल म्हणाली, बरं बाबा, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

हे तिच्यासाठीच केलं. गाडी तिच्यासाठीच कोरी राहिली पाहिजे. बोललो त्यात तसं वाईट काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
एक आठवडा राहिला. मेहकर, चिखली, बुलढाणा, राजूर घाट, मोताळा. जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास. गाडी आरामात करते. येताना घाट चढायचा आहे, तेव्हा ए.सी. थोडा कमी ठेवायचा. पाठीला उशी घेतली. आंबट गोळ्या घेतल्या. तिच्या बाजूचं दार दहा वेळा उघडून-लावून पाहिलं, आवाज मखमली.

एकच काम बाकी. गाडी ठणठणीत आहे हे आशाला सांगायचं. उद्या.

२४ फेब्रुवारी
पाहुणे होते. उद्या.

२६ फेब्रुवारी. महाशिवरात्र
उपासाने डोकं दुखतंय. अशा दिवशी असलं काही बोलू नये. साबुदाणाही चिकट झाला होता.

२८ फेब्रुवारी. रात्री जेवण झाल्यावर
सांगितलं. म्हणजे निम्मं सांगितलं. गाडी आता बरी आहे, असं म्हणालो. आशा म्हणाली, बरी झालेली गाडी आधी आठ दिवस इकडंतिकडं फिरवा, सातव्यातली पोरगी काय ट्रायल घ्यायला आणायची? म्हटलं, अगं, ती कधी बिघडलीच नव्हती. तर म्हणे, तुम्ही गाडीपायी फार मनाला लावून घेतलंय, झोपा आता.

खरं बोललं तरी कोणी विश्वास ठेवत नाही. थकलो बुवा. परवा सकाळी गाडीत बसवूनच दाखवीन.

२ मार्च, रविवार. सकाळी ६.३०
चार्जिंग १०० टक्के. काल हार आणून ठेवला होता, तो घातला. निघायचं सातला.

पावणेसहाला झोपेत अर्जुनच्या गाडीचा आवाज आला होता. म्हटलं निघाला बिचारा कोणाचा तरी पेशंट घेऊन. आपली सुटका.

६.५०
आशा घरात नाही. ओट्यावर माझा चहा झाकलेला.

६.५५
फोन लावला. आशा मेहकरच्या पुढं, अर्जुनच्या गाडीत. काजलनेच परवा त्याला फोन केला होता, काका, तुम्हीच या, बाबांच्या गाडीला घाट चढत नाही, आणि त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. आशा म्हणाली, तुमची झोप मोडली नाही, चहा गरम करून घ्या.

७.२०
मनात आणलं तर मोताळ्यात गाठीन. पिकअप आहे.

गाठून सांगायचं काय?

गाडीत जाऊन बसलो. ए.सी. लावला. उशी शेजारच्या सीटवर होती. ९९ टक्के झालं, तसा बंद केला. पुन्हा वायर लावली, या वेळी बटण चालू करून.

दुपारी २
पाऊण वाजता आले. आवाज स्टँडपासूनच आला. कडूबा आणि मंजुळाबाई आधीच फाटकाशी उभे, भाकरतुकड्याचं ताट मंजुळाबाईच्या हातात. मी काजलच्या बाजूच्या दाराकडे निघालो. एवढ्यात अर्जुनने खिडकीतून डोकं काढलं. “उत्तमराव, तुमची गाडी जराशीक मांगं घेता का? पोरीले सावलीत उतरू द्या.”

वायर काढली, बसलो, रिव्हर्स टाकला. गाडी आवाज न करता मागे गेली. आठ फूट. दोन महिन्यांतला माझ्या गाडीचा गावातला पहिला प्रवास.

समोरच्या काचेतून पाहिलं. अर्जुन गाडी सावलीत घेऊन उतरला, फेरा मारून गेला, दार उघडलं. काजलने त्याच्या हाताला धरून पाय खाली ठेवला. चेहरा सुकलेला, पायांवर सूज. मग तिने माझ्या गाडीकडे पाहिलं आणि एकदम हसली.

“बाबा, चालून राह्यली की हो!”

एवढा आनंद तिला झाला. मंजुळाबाईने गाडीलाच हात जोडले. कडूबा म्हणाला, बरी झाली एकदाची. कोणाच्या मनात एवढासुद्धा संशय नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टिअरिंग सोडवेना.

जेवणं झाली. सगळे ओसरीत बसले होते. काजल म्हणाली, “गुरुवारी मेहकरले तपासणी आहे. तुमी न्याल का बाबा, तुमच्या गाडीनं?”

याच वाक्यासाठी गाडी घेतली होती. हो म्हणणारच होतो. पण कडूबा समोर बसलेला, कान इकडं. गुरुवारी काजलला नेलं की शुक्रवारी मंजुळाबाईचे गुडघे, शनिवारी आशाचा भाऊ, मग अख्खं गाव. हे सगळं डोक्यात यायला एक क्षणच लागला, आणि तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, चार्जिंग बघून सांगतो.

 काजलने माझा हात थोपटला, लहान पोराचा थोपटावा तसा. मग वळून काकाकडे पाहिलं.

अर्जुन सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, चावी खिळ्याले असते, पोरी.