डावा हात मोकळा

आई, तुझ्या शिडाचा बूम अजून आहे. परवा माळ्यावरून खाली काढला तेव्हा माझ्या सुनेनं विचारलं, ही अॅल्युमिनियमची लांबडी कमान कसली, आणि मी सांगितलं की ही माझ्या आईची, हिला लटकून ती पाणी ओलांडायची. बिचारीनं भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. फोटोत तू डोक्यावरून पदर घेऊन, बाबांच्या युनिटमधल्या कुठल्याशा पूजेला हात जोडून बसलेली. हीच बाई सलवारीवर नवऱ्याचा जुना पीटीचा शर्ट चढवून वाऱ्यावर रेलून उभी राहायची हे काही तिच्या पचनी पडलं नाही. सध्या बूम बाल्कनीत आडवा बांधलाय आणि त्यावर चादरी वाळतात. तू रागावणार नाहीस, जयपूरच्या क्वार्टरमध्ये तूही तेच करायचीस. पण चादरी काढताना हात त्याला तू बांधलेल्या दोऱ्यांना लागतो आणि तुझ्याशी बोलायची हुक्की येते. म्हणून हा कागद. तो पोस्टात टाकायचा नाहीये, त्यामुळे पाल्हाळ चालेल.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. बाबा लष्कराच्या इंजिनियर्समध्ये, आणि दर रविवारी फौजी ट्रकमधून सगळी मंडळी जयपूरजवळच्या कानोत्याच्या बंधाऱ्यावर जायची. तरुण कॅप्टन लोक फळीवर शीड उभं करून पाण्यावर पळायचे आणि बायका सतरंजीवर पुऱ्यांचे डबे राखत बसायच्या. तू काही रविवार बसलीस. मग एकदा बाबांना म्हणालीस, "अहो, पुऱ्या काय पळून जात न्हाईत. मी बी बघते उभं राहून." साताऱ्याकडची तुझी बोली जयपुरात कुणाला कळायची नाही, पण शब्द न कळताही सगळे हसले. तू पडलीस, उठलीस, पुन्हा पडलीस आणि महिनाभरात फळीवर नीट उभी राहू लागलीस. तोल तुला उपजतच होता. अडचण होती ती डाव्या मनगटाची. आधीच्या पोस्टिंगला स्कूटरवरून पडून मोडलेलं ते हाड वाकडं सांधलं होतं. कणीक तू उजव्या हातानं मळायचीस आणि डावा फक्त परात धरायचा. शिडाची सगळी ओढ त्याला आडव्या बसवलेल्या बूमवर येते आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो. तू थोडं अंतर जायचीस, मनगट दगा द्यायचं आणि शीड धपकन पाण्यात. किनाऱ्यावर येऊन मनगट चोळत म्हणायचीस, "एकदा पल्याड जाऊन यायचंय गं. माझी मी. कुणी वढून आणायचं न्हाई." तुझं दुसरं काहीच मागणं नव्हतं.

हा बूम बंधाऱ्यावरच्या फौजी क्लबनं कंडम म्हणून टाकला होता. समुद्रावरच्या कुठल्याशा क्लबातून आलेला, नळ्यांच्या आत मीठ धरलेलं, लांबी कमी-जास्त करायचा जोड घट्ट बसलेला. बाबा म्हणाले, भंगार आहे. तू तो व्हरांड्यात उभा केलास आणि वरून गरम पाण्याच्या बादल्या ओतल्यास, रोज, स्वयंपाक झाल्यावर. मी खाली टब धरून उभी. शाळेच्या मैत्रिणी बघतील याची मला धास्ती, तुला कसलीच नाही. जोड सुटला तेव्हा तू जुन्या टूथब्रशनं आतली पांढरी भुकटी घासून काढलीस. "मीठ राह्यलं की नळीच खातंय," म्हणालीस. हाताच्या पकडीचं रबर चिकट होऊन सोलवटलं होतं. राजा पार्कातल्या सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणून, तिची लांब पट्टी कापून, तू ती नळीवर ताणून गुंडाळलीस. मग दोऱ्या. बूम शिडाच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना एकेक दोरी, दोन टोकांनी बांधलेली, मध्ये झोळ. कमरेच्या पट्ट्याचा आकडा त्या झोळात अडकवला की शिडाची ओढ हातांऐवजी अंगावर येते. झोळ कोपरापासून मुठीपर्यंत असावा, एवढं तुला क्लबात सांगितलं होतं. ते तू गजऱ्यासारखं हातावर मोजलंस. आकड्यानं दोरी घासते म्हणून तिच्यावर गवंड्याच्या लेव्हलच्या पाइपचा तुकडा चढवलास, आणि दर रविवारी पाइप सरकवून खालची दोरी कुठे विरली का ते बोटानं चाचपायचीस. भाजी निवडताना जशी बघायचीस तशीच, अगदी संशयानं.

आता खरी गंमत. क्लबचे हवालदार सगळ्यांच्या दोऱ्या एकाच मापानं बांधायचे. "मैडम, दोनों तरफ बराबर रहेगी। यही कायदा है." तशा बांधून तू निघालीस आणि मनगट पुन्हा कुरकुरलं. तुझा डावा हात मागे होता, आणि मागच्या हातावर ओढ आली तर दोऱ्या मागे सरकवायच्या, हे तुला सगळ्यांनी सांगितलं. तू दोन्ही बाजूंच्या दोऱ्या चार बोटं मागे घेतल्यास. पुढच्या रविवारी तू अशी गेलीस की बाबा सतरंजीवरून उठून उभे राहिले. पलीकडे पोचलीस, वळलीस आणि निम्म्या वाटेत कोसळलीस. मोटरबोट गेली, तुला आणि तुझ्या फळीला दोरीनं ओढत घेऊन आली. ट्रकमध्ये तू बस्सीकडून येणाऱ्या लॉऱ्या बघत बसलीस. एक मेजरसाहेब म्हणाले, वहिनी, जायला काय, कुणीही जातं. त्यांना तू घरी येईपर्यंत मनातल्या मनात काय काय म्हणालीस ते मला तुझ्या तोंडावर दिसत होतं.

दोन दिवसांनी संध्याकाळची गोष्ट. तू पोळ्या लाटतेस, मी ओट्याशी गृहपाठ घेऊन बसलेय. मध्येच लाटणं दोन्ही हातांत आडवं धरून तू उभी राहतेस, आधी खिडकीकडे तोंड करून, मग गर्रकन वळून माझ्याकडे. पुन्हा खिडकीकडे. तव्यावरची पोळी जळतेय. मी म्हणते, "आई, मतलब, काय चाललंय?" तू म्हणतेस, "आगं, जाताना ह्यो डावा मागं असतोय. येताना ह्योच पुढं येतोय की." आणि हसत सुटतेस. एवढं सोपं होतं ते. परतताना शिडाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहावं लागतं, म्हणून डावा हात पुढे येतो, आणि पुढच्या हाताची ओढ कमी करायची तर दोऱ्या पुढे हव्यात. म्हणजे एका बाजूची दोरी मागे, दुसऱ्या बाजूची पुढे. कुणाच्याच बूमवर अशा नसतात, कारण कुणाचाच एक हात असा रुसलेला नसतो. जळलेली पोळी बाबांच्या पानात गेली. त्यांनी ती निमूट खाल्ली, कारण त्याच दिवशी त्यांची बदलीची ऑर्डर आली होती आणि तुला कसं सांगावं या विवंचनेत ते होते.

उरला एकच रविवार. हवालदारांनी तुझ्या तिरप्या दोऱ्या पाहून डोक्याला हात लावला. तू निघालीस. वारा चांगला होता, तू मागे रेललीस आणि बघता बघता लहान होत गेलीस. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा तू डावा हात बूमवरून काढलास आणि उंच धरलास. तो वाकडा हात, मोकळा, हवेत. आणि थोड्याच वेळात किनाऱ्यावरून मोटरबोट सुटली. ती पोचेपर्यंत तू वळलीही होतीस. बोटीला हातानं हाकलत, तिच्याकडे न बघता, तू तुझी तू परत आलीस. बोटीच्या ओढायच्या दोरीला कुणाचा हात लागला नाही. पण बोट बाजूनं चालली होती ना, झालं. बाबा जन्मभर चिडवत राहिले, "बंदोबस्तात गेली होतीस." पुढच्या प्रत्येक गावी तू नव्या शेजारणींना ही गोष्ट सांगायचीस आणि शेवटी चिडून विचारायचीस, "पर त्या बोटीला कुणी सांगितलं हुतं नाक खुपसायला?" हवालदार तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मैडम, मुझे लगा आप बुला रही हैं." त्यांना तू कधी माफ केलं नाहीस.

त्यांना मी सांगितलं होतं, आई. पळत जाऊन म्हणाले, "भैया, मम्मी बुला रही हैं." तू बोलावत नव्हतीस, ते मला चांगलं कळलं होतं. एवढ्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पण तो हात बघूनच कळत होतं की इतकी खूश मी तुला घरात कधी पाहिली नव्हती. तू पलीकडे पोचशील आणि परत वळायचं विसरशील, अशी भीती वाटली मला. तुला आणायला पाठवली होती ती बोट.