उंदराचे हात

आई, गेल्या सोमवारी लॅबमध्ये मेंदूचा एक काप रंगला, आणि तो रंगायला नको होता. तुला कळेल असं सांगते. मेंदूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, बाहेरचा निरोप घेणाऱ्या जागा. त्या नुसत्या दिसत नाहीत, म्हणून आपल्याला हवा तोच रिसेप्टर ओळखून चिकटणारी अँटिबॉडी टाकायची. ती चिकटली तिथे तपकिरी रंग चढतो. इतकी वर्षं मी त्या रंगावर विसंबून होते, त्यावर संशोधनाचा पेपरही छापला. ज्यांच्यात तो रिसेप्टर जन्मापासूनच नाही असे उंदीर आम्हाला आत्ता कुठे मिळाले. त्यांच्या मेंदूवर तीच अँटिबॉडी टाकली, तर तोही तितकाच तपकिरी. म्हणजे ही बया कशालाही चिकटते. सर म्हणाले, "दुसऱ्या कंपनीची मागवू, छापलेल्या पेपरचं नंतर बघू." मी बरं म्हटलं आणि डबा खाल्ला. रडू वगैरे काही आलं नाही.

नारपोलीच्या घरी तू मला दारातच अडवायचीस. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडायचीस, "आलीस? उंदराचे हात धू आधी!" एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, ग्लोव्ह्ज असतात!" तर म्हणालीस, "मग ग्लोव्ह्ज घालूनच जेव." शेवटच्या वर्षी तू सगळं विसरलीस, माझं नावसुद्धा. पण मी संध्याकाळी आत येते, तू खाटेवरून मान वळवतेस आणि म्हणतेस, "उंदराचे हात धू." मी मुकाट्याने धुते. तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, आई मला ओळखते. दुसऱ्या कुणाला कशाला म्हणेल ती असं? तू गेल्यावर माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

काल एका हळदीला गेले होते, तिथून परतताना अंबाडी नाक्यावर ती भेटली, शेवटच्या वर्षी दिवसभर तुला सांभाळायला यायची ती बाई. "ताई, लय बारीक झाल्या तुम्ही," म्हणाली. मग तुझी आठवण काढून हसायलाच लागली. "तुमची आई मला रोज काय बोलायची म्हाईत हाय? मी दारातून आत आली रे आली की—"

"माझी रिक्षा आली," मी म्हटलं आणि रस्ता ओलांडला.

उद्या सरांना सांगणार आहे, पेपर मागे घेऊ. जे तपासलं नाही ते खरं धरून चालणार नाही. ते सांगायला मला जड जाणार नाही. पण आई, रिक्षा आली नव्हती.