खिडकीखालचा खड्डा

२० फेब्रुवारी १९३७

बादली पदराखाली धरून गाड्यांच्या तळावर गेले. शेण मिळाले. येताना तिसरीतल्या दोन मुली समोरून आल्या – मी भिंतीकडे तोंड केले. "नमस्ते बाई," म्हणाल्या. भिंतीकडे पाहूनच मी "नमस्ते" म्हटले.

मामंजी हेच काम भर पेठेतून करत. संस्थानचे पेन्शनर कारकून, डोक्याला रुमाल आणि हातात शेणाची उघडी पाटी. कोणी हसले तर म्हणत, "सोनं आहे हो, पण चोर नेत नाहीत." तेव्हाही मला लाज वाटायची. सुनेने सासऱ्यांना काय सांगावे?

परवा त्यांचा तेरावा झाला. खड्डा वाळू द्यायचा नाही, असे त्यांनी बजावले होते. पाला, शेणकाला, राख, माती – थरावर थर. शिवरात्र झाली की उलथायचा. त्या खतावर परसात वांगी लावायची होती त्यांना.

२३ फेब्रुवारी

शाळेतून आले. दार उघडताना "आले हं" म्हणून गेले. घरात कोणी नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार

त्यांची खोली सारवली. खाट अजून खिडकीशीच आहे. आजारात त्यांनी ती तिथे ओढून घेतली – खिडकीखाली खड्डा आहे, तो दिसावा म्हणून. उशाशी वाळल्या पाल्याची टोपली. पडल्या पडल्या मूठ मूठ पाला खाली टाकायचे. डॉक्टरसुद्धा हसले होते.

सकाळी जाताना मी मऊ भाताची वाटी ठेवून जाई. तोंडाला चव यावी म्हणून वर लिंबाच्या लोणच्याची एक फोड. सुरुवातीला दोनदा वाटी तशीच राहिली. मी म्हटले, "उद्या वाटी उरली तर मी शाळेत जाणार नाही, इथंच बसेन." ते म्हणाले, "शाळा बुडवायची नाही, सुलू."

हे गेल्यावर मामंजींनीच मला शिकवले. भाऊबंदांशी भांडून पुण्याला ट्रेनिंगला धाडले. शाळा म्हणजे त्यांचा जीव.

त्यानंतर वाटी रोज रिकामी. डॉक्टरांना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगितले. ते म्हणाले, "मग अंगी का लागत नाही?"

७ मार्च

खड्ड्यावर पाणी शिंपडले. बाकी काही नाही.

१४ मार्च, रविवार

आज फावडे घेऊन उतरले. वरचा पाला सरकवला आणि असा आंबूस भपकारा आला की मागे सरले. पाल्याच्या थराथरांत शिजवलेला भात! गोळे झालेला. शिजवलेले अन्न खड्ड्यात टाकायचे नाही, हा मामंजींचा दंडक. घरात सर्वांना ठाऊक.

शेजारच्या सौदामिनीकाकू नाकाला पदर लावून कुंपणाशी आल्या. "सुलू, शाळेत मुलींना आरोग्य शिकवतेस ना? हेच का ते?"

मी काय म्हटले ते इथे तरी लिहावे. म्हटले, "ठकुबाईनं टाकला असेल. भांडी तीच घासते."

वर माती ओढली आणि घरात आले.

१५ मार्च

काकूंकडची भांडीही ठकुबाईच घासायची. आज त्यांनी तिला काढले. "खरकटं कुठं टाकावं हे जिला कळत नाही, ती भांडी काय घासणार!" – मला स्वयंपाकघरात ऐकू आले.

मग ती माझ्याकडे आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, आमी हिर्डोशीकडची मान्सं. भात पिकवतो अन् नाचणी खातो. भात सणाला. त्यो मी उकिरड्यात टाकीन व्हय?"

"मग कोणी टाकला?" मी. वर्गात विचारते त्याच आवाजात.

"मला काय ठावं? पन म्या न्हाई."

भांडी घासून, पालथी घालून गेली. एरवी "येते बाई" म्हणते. आज नाही.

१७ मार्च

ती खोटे बोलत नाही, हे मला तिथेच कळले होते. पण तिने टाकला नसेल तर घरात मीच उरते. आणि मी टाकलेला नाही.

काही असो, काकूंना सांगायला हवे की मी उगीच तिचे नाव घेतले.

१८ मार्च

काकूंकडे जायला निघाले. ओटीवर पाहुणे दिसले, म्हणून परत आले. पाहुणे नसते तरी परत आले असते.

ठकुबाईने आज भांडी घासली. मी आत बसून पाटी तपासल्यासारखे केले. पाटी कोरी होती.

२१ मार्च, रविवार

खड्डा तळापर्यंत काढला. अगदी भिंतीलगत लिंबाच्या फोडी निघाल्या. मिठातल्या, म्हणून कुजल्या नव्हत्या. ओंजळभर.

वर पाहिले. खिडकीपासून खाली भिंतीवर पांढरे ओघळ, वाळलेले.

रोज वाटी इथे रिकामी केली. वर मूठभर पाला टाकला. मी शाळेत जावे म्हणून.

ठकुबाईला सोबत घेऊन काकूंच्या दारी गेले. पाहुणे होते. त्यांच्यादेखत म्हटले, "भात हिनं टाकला नव्हता."

"मग कोणी?"

"माझ्या हातचा होता."

ठकुबाई उद्यापासून पुन्हा काकूंकडे जाईल.

उद्या सोमवार. शाळेत जायचे आहे.