नव्या वाटेचं पाणी

पौष शु. ३
सखूले पोरगा झाला! माझी लेक माय झाली, मी आजी. जावळ काळंभोर. रडते असा की गोठ्यातली म्हैस मान वर करते. नाक ह्यांचं. हे पाहाले इथं नाहीत. सगळ्या आळीत गूळ वाटला, अक्षर चिकट येऊन राह्यलं.

शु. ५
जावई अन् मी जाऊन ह्यांले नागपूरच्या दवाखान्यातून आणलं. जऊळक्यापर्यंत रेल्वे, मग बैलगाडीत गादी टाकून. लघवीच्या पिशवीत कॅन्सरची गाठ होती, रगत पडे. डॉक्टरनं पिशवीच काढली. गुर्द्यातून येणाऱ्या दोन नळ्या आतड्याले जोडल्या. आता लघवी मागूनच. म्हणे, "पाणी भरपूर पाजा, नाही तं नळ्या तुंबतील. घडीघडी बाहेर पाठवा." मी म्हटलं, गाठ परत नाही ना येत? तो हात धुवाले गेला.
गेले त्याच्या अर्धे परत आले. नातवाले म्हणतात, "लेका, आपुन दोघंबी लंगोटवाले." हसली मी. मग चुलीपाशी जाऊन...

शु. ८
रोज धोतरं, गोधड्या. हात सोलले. शेजारचा किसनभाऊ ओट्यावरून हाका मारते, "दादा, या ना चिलीम ओढाले!" ह्यांचं तोंड भिंतीकडं. "बाईवाणी बसा लागते मले. लोकं पाह्यतात." म्हटलं, पाहू द्या, जीव तं वाचला!
पोरगा आज झोपेत हसला. सटवाई हसवते म्हणतात.

शु. ११
बारशाची घाई. पाळणा सुताराकडं. आमच्याकडं रीत अशी की मायच्या बापानं व्याह्याशेजारी सतरंजीवर बसून पोराले मांडीवर घ्यायचं, नाव ठेवेतोवर उठायचं नाही. ह्यांनी विचारलं, "सतरंजी ओली झाली तं?" म्हटलं, खाली गोधडी घालू.

पौर्णिमा
झालं बारसं! गोविंदा नाव. हे फेटा बांधून ताठ बसले, व्याह्यापेक्षा ताठ. गोविंदानं मांडीवरच धार सोडली, पार फेट्यापर्यंत! व्याही म्हणे, "घ्या तीर्थ!" हे म्हणे, "याची वाट सरळ हाये बाप्पा." किती दिसांनी हसले. सतरंजी कोरडी. देवाले साखर ठेवली.

व. १
हुडहुडी. अंग तव्यावाणी. कमर दुखते म्हणतात. उशाची घागर उचलाले गेली तं काठोकाठ भरलेली, वर मेलेली माशी.
"पाणी नाही घेतलं तुमी?"
"बारशाच्या आधीपासून नाही."
"काहून?"
"अवं, नातू मांडीवर घ्यायचा होता मले."
सतरंजी कोरडी म्हणून मी साखर ठेवली होती. जावई डॉक्टर आणाले वाशीमले गेला.

व. २
डॉक्टर येऊन गेला. नळ्या वाहत्या झाल्या तं पाहू, म्हणे. चमच्यानं पाणी पाजून राह्यली. निम्मं गालावरून येते.
गोविंदाले न्हाऊ घातलं. पुसला नाही तं ओलं केलं लबाडानं. दुपटं बदललं, मुका घेतला, आणि ह्यांच्या खाली हात घालून पाह्यला. कोरडं.
कानाशी म्हटलं, "लाजू नका. सगळी गोधडी भिजवा. मी धुईन."
डोळे उघडले. आणखी एक चमचा गेला. गिळला.
पुन्हा हात घालून पाह्यते